काड्यांचा पूल, अंड्याची उडी आणि तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी पावसाळ्यात स्पर्धांची परिपत्रकं शाळेत येऊ लागली की पालकांचे आणि आसपासच्या शाळांतल्या सहकाऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच. मी सिंधुदुर्गात खाडीकाठच्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. मुलांना घेऊन तालुक्याला जातो, जिल्ह्याला जातो, आणि दोनदा परीक्षकाच्या खुर्चीवरही बसलोय. एकदाच लिहून ठेवावं म्हणून हे पान. हातांनी काहीतरी करायच्या स्पर्धांबद्दलच लिहिलंय; गोल काळे करायच्या परीक्षांबद्दल दुसऱ्या कुणाला विचारा.

मुलगी सहावीत आहे. तिला कुठल्या स्पर्धेत घालू?

सगळ्यात जवळचं म्हणजे तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. पंचायत समितीचा शिक्षण विभाग ते भरवतो, सहावी ते आठवीचा गट वेगळा असतो, आणि तिथून जिल्हा, मग राज्य अशी पायरी. देशपातळीवरचं प्रदर्शन एनसीईआरटीचं. दर वर्षीचा मुख्य विषय आणि उपविषय वरून ठरून येतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या ताईचं मॉडेल आयतं चालेलच असं नाही.

दुसरी इन्स्पायर-मानक. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मिळून ती चालवतात. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन जातात. निवड झाली तर मॉडेल बनवायला १०,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. खातं आधीच काढून ठेवा, आणि खात्यावरचं नाव शाळेच्या रजिस्टरमधल्या नावाशी तंतोतंत जुळतंय का ते बघा. एका मुलाच्या बाबतीत वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीपायी मी बँकेत तीन खेपा घातल्यात. इथे कल्पना नवी लागते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ‘टाकाऊपासून टिकाऊ’ इथे चालत नाही.

तिसरी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. मुंबईतली विज्ञान शिक्षकांची संघटना ती घेते, सहावी आणि नववीसाठी असते आणि मराठीतून देता येते. पहिली पायरी लेखी असते. पण पुढे प्रात्यक्षिक आणि नंतर कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत असते, म्हणून तिला या पानावर जागा दिली. प्रात्यक्षिकाला आपल्याकडची मुलं बिचकतात. कारण साधं आहे: चंचुपात्र कपाटात आणि कपाटाची चावी ऑफिसात.

शिवाय शाळा-महाविद्यालयांत होणाऱ्या छोट्या चुरशी असतात. आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल, अंड्याची उडी (उंचावरून सोडलेलं अंडं फुटू द्यायचं नाही), पाण्याचं रॉकेट (बाटलीत थोडं पाणी, वर पंपाने दाबलेली हवा). २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो (१९२८ साली त्याच तारखेला रामन परिणामाचा शोध जाहीर झाला), तेव्हा त्या बऱ्याच ठिकाणी घेतात.

सहावीच्या मुलीसाठी माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी शाळेतलीच पुलाची स्पर्धा. एकच. तिन्हीकडे नाव घातलंत तर तिन्ही मॉडेलं तुम्ही बनवाल.

ऑलिम्पियाड म्हणतात ती हीच ना?

नाही. आपल्याकडे ऑलिम्पियाड म्हटलं की बहुतेक वेळा पैसे भरून दिलेला पेपर. अमेरिकेत मात्र ‘सायन्स ऑलिम्पियाड’ नावाची शालेय स्पर्धा आहे. तिथे सहावी ते नववीच्या गटाला ‘डिव्हिजन बी’ म्हणतात, एका संघात १५ पर्यंत मुलं असतात आणि एकाच दिवशी वीसहून जास्त प्रकार चालतात. काही लेखी, काही प्रयोगाचे आणि काही घरून बनवून आणलेल्या यंत्रांचे. पूल, मनोरा, उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर पळणारी गाडी असं बरंच. त्यातल्या कल्पना उचलून शाळेत स्पर्धा घ्यायला कुणाची आडकाठी नाही, आम्ही घेतोच. नाव एकच असल्यामुळे घोटाळा होतो एवढंच.

विषय कुठून आणायचा? ज्वालामुखी चालेल का?

ज्वालामुखी नको. सोडा आणि व्हिनेगरचा फेस मी आजवर इतक्या वेळा पुसलाय की आता त्याचा वास आला तरी मी फडकं शोधतो. पवनचक्की, ठिबक सिंचन, पर्जन्यजलसंधारण हेही नको, म्हणजे यूट्यूबवर दिसतात तसेच्या तसे नकोत.

विषय घराभोवती शोधा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीतल्या विहिरी तळाला जातात. जांभ्या दगडातून पाणी किती लवकर झिरपतं हे एखाद्या मुलाने चिऱ्याचा तुकडा, बाटली आणि घड्याळ घेऊन मोजलं तर तो प्रकल्प झाला. आगरात जुना रहाट असेल तर त्याच्या दोन चाकांचे दात मोजा: बैलाच्या एका फेरीत माळ किती फिरते, किती पोहरे वर येतात? छतावर शेवाळ कुठल्या बाजूला जास्त धरतं, सुकटाला ऊन कमी मिळालं तर किती दिवस लागतात, होडीच्या तळाला कालवं कुठे चिकटतात. हे प्रश्न घाटावरच्या मुलाला पडणारच नाहीत. तुमच्या मुलाला पडतात, ही आपली जमेची बाजू.

विषय निवडताना मी एकच बघतो: यात मोजता येण्यासारखं काय आहे? ‘समुद्राचं प्रदूषण’ हा विषय झाला नाही. ‘भरती-ओहोटीच्या मध्ये खाडीच्या पाण्याचा खारटपणा किती बदलतो’ हा झाला.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असं तक्त्यावर लिहिलं तर चालेल ना?

हा प्रश्न देवगडच्या बाजूने दरवर्षी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या किनाऱ्यावरून दिसलं. विजयदुर्गावर ते बघायला बांधलेले म्हणून ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. हे सगळं लिहा, अभिमानाने लिहा. मात्र ‘लॉकियर साहेबाने किल्ल्यावर उभं राहून हेलियम शोधला’ असं लिहू नका. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडातच होते. सूर्याच्या वर्णपटातली (प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातली) हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. ग्रहणाच्या दिवशी फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सन आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून होते. ती रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारी पडते पण त्यांच्याशी जुळत नाही, म्हणून हे काहीतरी नवं असावं असा तर्क झाला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत.

एखाद्या परीक्षकाला हे माहीत असलं तर तक्त्यावरच्या एका वाक्यामुळे पोराच्या बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. गावात सांगतात ते, आणि आपण तपासलं ते, असे दोन रकाने केले तर उलट मार्क वाढतील.

खर्च किती येतो?

पुलाला काड्या आणि गोंद. शंभर-दोनशे रुपयांत तीन पूल होतात. एकाचा नाही, तीनचा खर्च धरा. का ते पुढे येईलच.

बाकीचं सामान परसात पडलेलं असतं. नारळाचे हीर, करवंट्या, काथ्या, पोफळीची विरी, मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या, सायकलवाल्याकडची व्हॉल्व्ह ट्यूब. माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याची चीप चिरून घेतली तर आईस्क्रीमच्या काडीपेक्षा चिवट निघते (स्पर्धेच्या नियमात बसत असेल तर). व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन बनवायची युक्ती अरविंद गुप्तांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी वापरायला सुरुवात केली. कानपूर आयआयटीचा हा इंजिनिअर पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी खेळणी बनवत राहिला, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचे मराठी व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. महागडं किट घ्यायच्या आधी त्यातली दहा खेळणी करून बघा.

आमचा पूल दरवेळी मधेच मोडतो. काड्या वाढवू का?

काड्या वाढवल्या की वजन वाढतं, आणि बऱ्याच स्पर्धांत गुण मिळतात ते ‘किती भार पेलला भागिले पुलाचं वजन’ यावर. ४० ग्रॅमच्या पुलाने १२ किलो पेललं तर ३००. ८० ग्रॅमच्याने १८ किलो पेललं तर २२५. दुसरा दिसायला दणकट, पण हरला.

आधी तो मोडतोय कुठे ते बघा. कुणाचा तरी मोबाइल स्लो मोशनवर लावा, पुलाखाली बादली टांगा आणि तिच्यात वाळू हळूहळू ओता. वाळूला आपल्याकडे तोटा नाही. मोडतानाचा क्षण दहादा बघा. माझ्या अनुभवात तीन गोष्टी दिसतात.

एक, काडी साबूत आणि सांधा उखडलेला. हे सर्वांत जास्त. मग काड्या वाढवून काय होणार? सांध्यावर काड्या एकमेकींवर जास्त लांब चढवा, म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळेल.

दोन, वरच्या बाजूची लांब काडी धनुष्यासारखी बाहेर वाकून मग मोडते. दाबाखाली असलेल्या काडीची लांबी निम्मी केली की वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते. म्हणून मधे एक आडवा आधार द्या. अर्ध्या काडीचं काम, पण फरक बादलीत दिसतो.

तीन, पूर्ण पूल पिळवटून आडवा पडतो. याचा अर्थ दोन बाजू सारख्या नाहीत. एक बाजू जमिनीवर कागदावर आखून बनवा, दुसरी बरोबर तिच्यावर ठेवून बनवा. डोळ्यांनी अंदाजे नको.

चौकोन मात्र कुठेच मोकळा ठेवू नका. व्हॉल्व्ह ट्यूबचा चौकोन हातात घेऊन दाबला की तो लगेच कलतो, त्रिकोण कलत नाही. हे मुलाला सांगून पटत नाही. हातात दिलं की अर्ध्या मिनिटात पटतं.

एका मुलाचे वडील ट्रॉलरवर असतात. ऑगस्टात भेटले तेव्हा वैतागून म्हणाले, “गुरुजी, आमचो झील नुसतो मोडूक शिकता. जोडूक कधी शिकतलो?” त्या घरात तोवर पाच पूल मोडले होते. मी म्हटलं, तुम्ही जाळं फाटलं की आधी काय बघता? कुठे फाटलं तेच ना? मग ते हसले. पण सहावा पूल करायला पैसे त्यांनी दिले ते बायकोच्या डोळ्यांकडे बघूनच.

पावसात गोंद वाळतच नाही. काय करायचं?

हा खास आपला प्रश्न, पुण्याच्या पुस्तकांत याचं उत्तर सापडत नाही. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेलं की धरतो. श्रावणात हवाच पाण्याने भरलेली, पाणी उडणार कुठे? वरून वाळलेला दिसतो, आत चिकट राहतो, आणि भार पडला की सांधा हळूच सरकतो. त्याला मुलं ‘पूल झोपला’ म्हणतात.

आम्ही एका पत्र्याच्या पेटीत जुना पिवळा ४० वॉटचा बल्ब लावतो, झाकण बोटभर उघडं ठेवतो आणि पूल बल्बपासून वीतभर लांब रात्रभर ठेवतो. हवा थोडी तापली की कोरडी वागते. बल्ब मोठ्या माणसाने लावावा, आणि पेटीत कागद-कापूस नको. सांध्यांना कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. चिमटा न लावलेला सांधा कितीही दिवस वाळवला तरी कच्चाच.

आणखी एक. लाकूड दमट हवेतून पाणी ओढून घेतं. घरी ४० ग्रॅम भरलेला पूल स्पर्धेच्या सकाळी एक-दोन ग्रॅम जड भरू शकतो. वजनाची कमाल मर्यादा असेल तर काठावर राहू नका. हे आम्ही शिकलो ते बाद होऊन.

अंड्याच्या स्पर्धेत कापूस जास्त घालू का?

कापूस किती यापेक्षा अंड्याला थांबायला जागा किती मिळते ते बघा. ५ मीटरवरून सोडलेलं अंडं साधारण एका सेकंदात खाली येतं, तेव्हा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. ते ५ सेंटिमीटरांत थांबलं तर त्याच्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या शंभरपट जोर येतो, १० सेंटिमीटरांत थांबलं तर पन्नासपट. ठासून भरलेला कापूस दगडासारखाच. सैल काथ्या किंवा भाताचा पेंढा चांगला चेपतो, म्हणून चांगला. पॅराशूट चालतो का ते नियमात बघा.

आणि हो, तालीम उकडलेल्या अंड्यावर करू नका. घरात ओरडा बसेल, पण कच्चंच घ्या.

पाण्याचं रॉकेट धोक्याचं नाही का?

बेफिकिरी केली तर आहे. सोडा-कोल्ड्रिंकची बाटलीच घ्यायची, कारण ती दाब सोसायलाच बनवलेली असते. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक पातळ. ओरखडे पडलेली, उन्हात ठेवलेली बाटली फेकून द्या. पाणी तिसरा हिस्सा भरा. कमी भरलं तर ढकलायला पाणी नाही, जास्त भरलं तर दाबाच्या हवेला जागा नाही. पंप मारणारा सोडून सगळे पंधरा-वीस पावलं मागे, डोळ्यांना चष्मा. लागला नाही म्हणून जवळ जाऊन वाकून बघायचं नाही.

किनाऱ्यावर उडवायचं तर सकाळी लवकर. दुपारी खारा वारा सुटला की रॉकेट माडाच्या झावळ्यांत जातं, आणि मग ते काढायला पाडेली (माडावर चढणारा) शोधा.

वही ठेवायलाच हवी का? मॉडेल चांगलं असलं की झालं ना?

हवीच. आणि मागाहून सुंदर अक्षरात उतरवलेली नको. मी परीक्षक असताना आधी वही उघडतो. चहाचा डाग असलेली, मधेच शाई बदललेली वही मिळाली की बरं वाटतं. एका सातवीच्या मुलाच्या वहीतलं हे पान, त्याला विचारून देतोय:

“१२ ऑगस्ट. पूल नं. २. वजन ३८ ग्रॅम. ७ किलोला मोडला. मधल्या सांध्याचा गोंद सुटला. काडी मोडली नाही. उद्या सांधा मोठा करणे.”

“१९ ऑगस्ट. पूल नं. ३. वजन ४१. साडेअकराला मोडला. या वेळी वरची काडी वाकली. सांधा धरला!”

बस, एवढंच. चार ओळी. तारीख, मोजमाप, कुठे बिघडलं, पुढे काय. ‘धरला’ पुढचं उद्गारचिन्ह त्याचंच.

पालकांनी किती मदत करायची?

करवत, सुरी, गरम गोंदाची बंदूक, विजेची जोडणी, नेणं-आणणं हे तुमचं. कल्पना, मोजमाप, वही, बोलणं हे त्याचं. तक्त्यावरचं अक्षरही त्याचंच, वाकडं असलं तरी.

मी परीक्षक असताना एका प्रदर्शनात ॲक्रिलिकचं, दिवे लुकलुकणारं एक मॉडेल आलं होतं. मुलगा गोड होता, पाठ केलेलं घडाघडा बोलला. मी एका छोट्या भागावर बोट ठेवून विचारलं, “हे काढलं तर काय होईल?” तो वडिलांकडे बघायला लागला. वडील दाराशी उभे राहून ओठांनी उत्तर सांगत होते. मला त्या पोराचंच वाईट वाटलं, त्याला ते मॉडेल एकदाही उघडायला मिळालं नव्हतं. हाच प्रश्न घरी विचारत चला. ‘माहीत नाही, काढून बघतो’ असं उत्तर आलं तर गाडी रुळावर आहे.

परीक्षक काय विचारतात? कशाची तयारी करून घेऊ?

इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण यात पाठांतराचा काही उपयोग झाला नसता.

आमच्या आठवीतल्या एका मुलीच्या घराची विहीर खाडीपासून जवळ. आजी म्हणायची, उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला पाणी मचूळ लागतं, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीला लागत नाही. मुलीने ठरवलं, मोजायचं. पहिलं उपकरण स्ट्रॉचं: खाली चिकणमातीची गोळी, पाण्यात उभी तरंगते, पाणी जितकं खारट तितकी वर येते. खाडीच्या पाण्यात ती चार मिलिमीटर वर आली. विहिरीच्या पाण्यात अमावास्येला आणि अष्टमीला काहीच फरक नाही. पोरगी हिरमुसली, आजी खोटी ठरली.

मग आम्ही हिशेब केला. लिटरमागे २ ग्रॅम मीठ असलं तर स्ट्रॉ जेमतेम ०.२ मिलिमीटर वर येणार. डोळ्यांना दिसणार कसं? तरंगणारा भाग मोठा आणि वरची दांडी बारीक हवी. तिने औषधाची रबरी बुचाची छोटी काचेची बाटली घेतली, बुचातून बॉलपेनची रिकामी धुतलेली रिफिल उभी खोचली, रिफिलचं वरचं तोंड मेणाने बंद केलं. बाटलीत वाळू घालायची ती चिमटीने. चार कण जास्त झाले की बुडते, कमी झाले की आडवी पडते. एक पूर्ण दुपार त्यात गेली. पण जमल्यावर तेच २ ग्रॅम मीठ चार मिलिमीटर दाखवायला लागलं. शाळेच्या तराजूवर मीठ तोलून, लिटरमागे १, २, ३ ग्रॅमचं पाणी करून तिने रिफिलवर रेघा मारल्या. उधाणाला पाणी खरंच वर सरकलं. आजी जिंकली.

जिल्ह्याला परीक्षक बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बाळ, दोन्ही वेळा पाणी सारखंच गार होतं का गं?”

मुलगी गप्प. मीही गप्प, कारण ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पाणी २५ अंशांवरून ३० वर गेलं की त्याची घनता हजारात साधारण १.४ भागांनी घटते, आणि लिटरमागे २ ग्रॅम मीठ घातलं की जवळजवळ तेवढीच वाढते. पाच अंशांचा फरक तिचं सगळं मोजमाप गिळू शकत होता. ती म्हणाली, “ते मी बघितलं नाही. घरी गेल्यावर दोन्ही बाटल्या रात्रभर एकाच बादलीत ठेवून परत बघीन.” पुढे निवड झाली नाही. घरी जाऊन तिने ते केलं. फरक थोडा कमी झाला, पण राहिला.

तर तयारी करून घ्यायची ती याची: ‘हे मी बघितलं नाही, असं बघता येईल’ हे न घाबरता म्हणता यावं.

मूल मालवणीत बोलतं. परीक्षकांसमोर चालेल का?

बिनधास्त बोलू द्या. “पूल खंय मोडलो तां दाखवतंय, बघा,” असं म्हणून एका मुलाने मोडका तुकडा हातात दिला होता, आणि परीक्षक खाली बसून बघायला लागले. प्रमाण भाषेत घोकलेलं वाक्य अडलं की पुढचं सगळं अडतं.

मॉडेल तालुक्याला न्यायचं कसं?

एसटीच्या मागच्या सीटवर कधीच नाही. मागच्या चाकाच्याही पलीकडचा भाग खड्ड्यात सगळ्यात जास्त उसळतो. पुढे बसा, मांडीवर घ्या. खोक्यात मॉडेलभोवती पेंढा, आणि वेगळ्या डब्यात गोंद, चार काड्या, कात्री, दोरा, जादा बॅटरी. पाण्याचं मॉडेल रिकामं न्या, तिथे भरा. नियमात लांबी-रुंदीची मर्यादा दिलेली असते, ती खोक्याच्या नाही तर मॉडेलच्या मापाची. आणि पुलाचं अंतर ४० सेंटिमीटर दिलं असेल तर पूल ४० चा करू नका, दोन्हीकडे टेकायला दोन-दोन सेंटिमीटर लागतात. हसू नका, दरवर्षी कुणाचा तरी पूल दोन टेबलांच्या मधून खाली पडतो.

रोबोटिक्सचा क्लास लावू का?

घाई नको. रोबोटच्या स्पर्धा छान असतात. फर्स्ट लेगो लीगमध्ये अडीच मिनिटांत रोबोटने स्वतःहून कामं उरकायची असतात, आणि संघाने एका खऱ्या प्रश्नावर केलेला प्रकल्पही तपासला जातो. पण किट महाग आणि संघाला सराव भरपूर लागतो. आधी जवळपास अटल टिंकरिंग लॅब असलेली शाळा आहे का ते बघा. नीती आयोगाच्या योजनेतून अशा शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, शनिवारी दोन तास तुमच्या मुलांना बसू देतात का विचारा. नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

तोवर मुलाला सायकलचं पंक्चर काढायला शिकवा. चेन, दात, ब्रेक, बेअरिंग सगळं तिथेच आहे.

काम कधी सुरू करायचं?

गणपतीच्या आधी पहिलं मॉडेल तयार हवं. चांगलं नको, नुसतं तयार. गणपतीत पंधरा दिवस कुणी हाताला लागत नाही, पण मुंबईहून आलेले काका-मामा मॉडेल बघतात, नाना शंका काढतात, त्यातली एखादी कामाची निघते. दिवाळीच्या सुट्टीत दुसरं. तालुक्याला जायचं ते तिसरं. पहिलंच मॉडेल प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पुरं करणारे दरवर्षी असतात, त्यांना ओळखायला वेळ लागत नाही: गोंद ओला असतो आणि आई जागी असते.

आमची शाळा दोन शिक्षकी आहे. जमेल का?

जमेल. पटसंख्या कमी म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला काड्या जास्त. शेजारच्या केंद्रशाळेचा तराजू आठवड्यासाठी मागून आणा, नाहीतर गावातल्या सोनाराला विनंती करा. आमच्या सोनाराने मिठाची पुडी तोलून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

स्पर्धा झाल्यावर मॉडेलचं काय करायचं?

पूल उरला असेल तर शाळेत सगळ्यांसमोर मोडेपर्यंत भार घाला. जिंकलेला असला तरी. कपाटात ठेवलेल्या पुलाला वाळवी लागते.

रिफिलचं ते उपकरण मात्र आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत आहे. मेण उन्हाने वितळून एकदा आत पाणी गेलं, ते पुन्हा बंद केलं. मुलगी आता अकरावीला कणकवलीला जाते. तिचा धाकटा भाऊ सहावीत आलाय, दर अमावास्येला बाटली मागायला येतो आणि सोबत थर्मामीटरही मागतो.